फिर्यादीचा पत्ता आरोपीच्या हाती देणं थांबवा

प्रति,
मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

पोलीस ठाण्यात फिर्याद द्यायला आलेल्या माणसाकडून नाव, राहण्याचा पत्ता, मोबाइल नंबर, आधार क्रमांक घेतला जातो. गुन्हा तसा असेल तर वैद्यकीय कागद, बँकेचं खातं आणि कुणालाही दाखवू नयेत असे फोटोसुद्धा द्यावे लागतात. संकटात सापडलेला माणूस मागितलं ते सगळं देतो, कारण समोर पोलीस असतात. पुढे ती माहिती कुणाकुणाच्या हाती जाते, हे त्याला कुणी सांगत नाही आणि त्यानं विचारलं तरी उत्तर मिळत नाही. फिर्याद द्यायला निघालेल्या स्त्रियांना सोबत म्हणून मी ठाण्यात जाते. तिथे जे दिसतं त्यावरून हे पत्र लिहिते आहे.

कायदाच नाही, असं मी म्हणणार नाही. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. जुन्या भारतीय दंड संहितेत हेच कलम 228-अ होतं. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याचं कलम 24 सांगतं की पीडित मुलाची ओळख माध्यमांपासून सुरक्षित राहील याची खबरदारी पोलिसांनीच घ्यायची. 11 डिसेंबर 2018 च्या निपुण सक्सेना निकालात तर सर्वोच्च न्यायालयानं ठाण्याच्या टेबलापर्यंत येऊन सूचना दिल्या: अशा गुन्ह्यांचे एफआयआर सार्वजनिक करायचे नाहीत, पीडितेचं नाव असलेले कागद शक्यतो बंद लिफाफ्यात ठेवायचे, आणि जे कागद लोकांच्या नजरेस पडू शकतात त्यांच्या जागी नाव काढलेल्या प्रती लावायच्या.

पण कलम 72 चं संरक्षण मिळतं ते कलम 64 ते 71 मधल्या गुन्ह्यांना, म्हणजे बलात्कार आणि त्याच्या प्रकारांना. पाठलागाचा गुन्हा कलम 78 मध्ये येतो. चोरून फोटो काढणं, ते पसरवणं कलम 77 मध्ये. नवऱ्याकडून होणारा छळ कलम 85 मध्ये. यातल्या एकाही गुन्ह्यातल्या बाईला कलम 72 चा आधार नाही. जिच्या मागे माणूस लागला आहे, तिच्या बाबतीत सगळ्यात जपायची गोष्ट कोणती? ती सध्या कुठे राहते, ही. आणि आपल्याकडे नेमकी तीच गोष्ट उघड्यावर राहते.

एका मुलीसोबत मी अशाच प्रकरणात गेले होते. त्रास देणाऱ्यामुळे तिनं घर बदललं होतं, नंबर बदलला होता. नवा पत्ता घरच्यांशिवाय दोन-तीन मैत्रिणींनाच माहीत. ठाणे अंमलदारांच्या टेबलासमोर तिला बसवलं. मागच्या बाकावर दुसऱ्या कामासाठी आलेले पाच-सहा जण. हवालदारांनी विचारलं, "सध्याचा पत्ता?" ती खाली मान घालून हळू बोलली. त्यांना ऐकू आलं नाही म्हणून त्यांनी तिचा इमारतीचा क्रमांक, मजला, खोली, सगळं मोठ्यानं परत म्हणून खात्री करून घेतली. त्यांच्या बोलण्यात कसलाही वाईट हेतू नव्हता. उलट ते तिच्याशी आपुलकीनं वागले, पाणी दिलं. पण तिनं माझ्या हाताला जो चिमटा घेतला, त्यात तिला काय वाटलं ते सगळं होतं.

पुढे तो पत्ता एफआयआरच्या सहाव्या रकान्यात गेला. या रकान्यात फिर्यादीचं नाव, पत्ता, फोन नंबर, ओळखपत्राचा तपशील असतो. एफआयआरची प्रत आरोपीला मिळतेच, आणि दोषारोपपत्र दाखल झाल्यावर जबाबांच्या प्रतीही मिळतात. त्या मिळायलाच हव्यात. आपल्यावर आरोप काय आहे आणि तो कुणी केला आहे, हे कळल्याशिवाय कुणी बचाव करू शकत नाही आणि त्या हक्काला धक्का लागावा असं मला मुळीच वाटत नाही. पण बचावासाठी फिर्यादीच्या खोलीचा क्रमांक लागत नाही. तिचा मोबाइल नंबर लागत नाही. आधार क्रमांक तर कशालाच लागत नाही. नोटीस आणि समन्स पोलिसांमार्फतच पोहोचतात, मग आरोपीला मिळणाऱ्या प्रतीत "पत्ता पोलीस ठाण्याच्या अभिलेखात" एवढंच लिहिलं तर खटल्याचं काय अडतं?

अशी सोय कायद्याला परकी नाही. जबाबातला एखादा भाग उघड करणं न्यायाच्या दृष्टीनं गरजेचं नसेल, तर तो आरोपीच्या प्रतीतून वगळावा अशी विनंती तपासी अधिकारी न्यायदंडाधिकाऱ्यांना करू शकतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 193 मध्ये ही तरतूद आहे, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही होती. मी सोबत केलेल्या एकाही प्रकरणात ती वापरलेली मी पाहिली नाही. साक्षीदार संरक्षण योजना 2018 पासून आहे, तिला सर्वोच्च न्यायालयानं मान्यता दिली आहे. पण त्यासाठी वेगळा अर्ज, धोक्याचा अहवाल, समितीचा निर्णय लागतो. तोपर्यंत एफआयआरची प्रत कधीच बाहेर गेलेली असते.

आता मोबाइलविषयी. ठाण्यात पुरावा कसा गोळा होतो ते आपण एकदा समोर बसून पाहावं. "ते स्क्रीनशॉट माझ्या व्हॉट्सॲपवर टाका," असं सांगितलं जातं. तो नंबर सरकारी नसतो, हवालदारांचा स्वतःचा असतो. तिथून फोटो ठाण्यातलं लिखाण करणाऱ्या रायटरकडे जातात, तिथून साहेबांकडे. ब्लॅकमेल करणाऱ्यानं जे फोटो पसरवण्याची धमकी दिली म्हणून मुलगी ठाण्यात आली, तेच फोटो आता तीन-चार खासगी फोनच्या गॅलरीत आहेत. त्यातल्या एखाद्या फोनचा बॅकअप आपोआप होतो, एखादा फोन घरी मुलं खेळायला घेतात, एखादा दोन वर्षांनी विकला जातो. फोटो कुणी मुद्दाम पाठवले नाहीत तरी ते सुरक्षित राहिले नाहीत. आणि मुद्दाम पाठवणारेही असतात. गुन्हा दाखल होऊन तास उलटत नाही तोच एफआयआरच्या पहिल्या पानाचा फोटो गावातल्या ग्रुपवर फिरायला लागतो, हे ठाण्यात जाणं-येणं असलेल्या कुणालाही विचारा.

यात शिपाई-हवालदारांवर खापर फोडून मोकळं होता येणार नाही. त्यांच्या हाती सरकारनं दुसरं साधन दिलेलं नाही. झडती आणि जप्तीच्या चित्रीकरणासाठी ई-साक्ष ॲप आलं, त्यातून चित्रफीत थेट सुरक्षित साठ्यात जाते. फिर्यादीनं आणलेल्या फोटो-स्क्रीनशॉटसाठीही तसाच मार्ग द्या आणि खासगी व्हॉट्सॲपवर पुरावा घेण्यास लेखी मनाई करा. साधन न देता नुसती मनाई केली तर ती चार दिवस टिकेल.

फोनच ताब्यात घेतला जातो तेव्हा अडचण आणखी वाढते. हवं असतं एका माणसाशी झालेलं चॅट. पण प्रत निघते अख्ख्या फोनची. आईच्या आजारपणाचे रिपोर्ट, मैत्रिणींची गुपितं, ऑफिसचे मेल, सगळं त्यात येतं. जेवढं गुन्ह्याशी संबंधित तेवढंच घ्यायचं, काय घेतलं ते फिर्यादीला लिहून द्यायचं, आणि उरलेली प्रत कधी नष्ट होणार तेही सांगायचं, एवढी शिस्त आणायला हवी. ज्या मुली "फोन द्यावा लागेल" हे ऐकून उठून निघून गेल्या, त्यांचे गुन्हे कुठल्याच नोंदीत येत नाहीत.

2017 साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. 2023 साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. गुन्ह्याच्या तपासाला या कायद्यातून सूट आहे, एवढं सगळ्यांना पाठ झालं आहे. ती सूट देणारं कलम 17 पूर्ण वाचलं तर दिसतं की माहितीच्या सुरक्षेची वाजवी व्यवस्था ठेवण्याची जबाबदारी, कलम 8(5), तपासासाठीच्या त्या सुटीतून बाहेर ठेवली आहे. म्हणजे फिर्यादीची संमती न घेता पोलिसांनी माहिती वापरली तर चालेल, पण ती सांभाळण्याचं बंधन त्यांनाही आहे. हा कायदा टप्प्याटप्प्यानं लागू होतो आहे. त्याआधी राज्यातल्या पोलीस ठाण्यांची तयारी काय, हे गृह विभागानं जाहीर करावं.

सीसीटीएनएस या पोलिसांच्या गुन्हे-नोंदणीच्या संगणक यंत्रणेत एखादी नोंद कोणी उघडली हे कळण्यासाठी प्रत्येकाचं लॉगिन वेगळं असायला हवं. एकाच लॉगिनवर दोघं-तिघं काम करताना मी पाहिले आहेत. मग माहिती फुटल्यावर चौकशी कुणाची करणार?

आणि माहिती फुटली तर ज्याची फुटली त्याला कळवा. मला सगळ्यात जास्त गरजेचं वाटतं ते हेच. 2023 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या नॉरफोक आणि सफोक पोलिसांनी जाहीर केलं की माहिती अधिकारातल्या उत्तरांसोबत 1,230 लोकांचा तपशील चुकून बाहेर गेला आहे. त्यात पीडित होते, साक्षीदार होते. पोलिसांनी त्या लोकांशी संपर्क साधायची तजवीज केली. चूक तिथेही झाली, पण बाधितांना ती पोलिसांकडून कळली. आपल्याकडे फिर्यादीला कळतं ते शेजारच्या बाईकडून, किंवा रात्री अनोळखी नंबरवरून आलेल्या फोनवरून. ज्या मुलीविषयी वर लिहिलं, तिनं वर्षभराच्या आत दुसऱ्यांदा घर बदललं.

आरोपीच्या प्रतीत पत्ता-नंबर झाकण्यासाठी काही बाबतीत न्यायालयाची परवानगी लागेल, त्यासाठी उच्च न्यायालयाकडे विनंती करता येईल. बाकी बहुतेक गोष्टी पोलीस महासंचालकांच्या एका परिपत्रकानं होण्यासारख्या आहेत: खासगी फोनवर पुरावा घेऊ नये, जबाब आडोशाला घ्यावा, पत्ता बोलायला न लावता कागदावर लिहून घ्यावा, माहिती फुटल्याचं कळताच फिर्यादीला लेखी कळवावं आणि राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे कशी दाद मागायची तेही त्याच पत्रात सांगावं. हे परिपत्रक कधी निघेल, एवढंच आपण कळवावं ही विनंती.

आपली,
फिर्यादी स्त्रियांना सोबत करणारी एक कार्यकर्ती