‘काहीच करायचं नाही’ असं सांगणाऱ्या डॉक्टर मॅडमना

मॅडम,

तुम्हाला आम्ही आठवण्याचं काही कारण नाही. सरकारी दवाखान्याच्या त्या बाकांवर त्या दिवशीही तोबा गर्दी होती. त्यात एक पाच वर्षांची मुलगी होती, पाय फ्रॉकखाली दडवून बसलेली. शेजारी तिची आई, मांडीवर जाडजूड फाइल घेऊन. ती मी.

फाइल तुम्ही बाजूलाच ठेवलीत, म्हणून तिच्यात काय होतं ते आता सांगते. शहरातल्या एका चकाचक क्लिनिकात लेकीला काचेवर उभं करून काढलेले पावलांचे लाल-पिवळे प्रिंटआउट, वर ठळक अक्षरांत ‘फ्लॅट फूट’, म्हणजे तळव्याला कमान नसलेला सपाट पाय, आणि खाली किमती. खास इनसोल, ते ज्यात बसतात ते खास बूट, आणि पाय वाढेल तसं सगळं पुन्हा नवीन. ‘नाही घेतलं तर?’ असं मी विचारलं. तर म्हणे आधी गुडघे जातील, मग कंबर. हे सगळं लेकीसमोर. तिच्या पायाला मात्र तिथे कुणी हातसुद्धा लावला नाही. आम्ही मुकाट्याने पैसे भरले.

ते बूट जड होते, टाचेला चावायचे. पोरगी पळायची थांबली. त्यातच गौरी आल्या. दारापासून देव्हाऱ्यापर्यंत मुठीने उमटवलेली कुंकवाची पावलं, मध्ये छान खाच असलेली. आणि त्यांच्याच शेजारून न्हाणीतून आलेली आमची लेक ओले ठसे उमटवत गेली. एक नातेवाईक बाई हसत म्हणाल्या, ‘अगंबाई, हिची पावलं म्हणजे फडकं मारल्यासारखी!’ लेक काही बोलली नाही. पाय दडवून बसायची सवय तिथून लागली. अशा बायकांना काय बोलावं? सण होता, मीही गप्प बसले.

तर तुम्ही. तुम्ही पहिल्यांदा तिलाच विचारलंत, ‘लंगडी येते का गं?’ ती म्हणाली, येते. ‘दाखव.’ टेबलापासून दारापर्यंत घालून आली. दुखतं का विचारलंत, तर नाही म्हणाली. मग तिला चवड्यांवर उभं केलंत आणि मला खाली वाकून बघायला लावलंत. टाचा उचलल्या तशी दोन्ही तळव्यांखाली कमान उभी राहिली. ‘ही बघा, आहे की,’ म्हणालात. इतक्या महागड्या यंत्राला जी दिसली नाही ती.

पण मी हे पत्र लिहितेय ते पुढच्या गोष्टीसाठी. बाहेर एवढी माणसं ताटकळत असताना तुम्ही उठलात, बाटलीतलं पाणी फरशीवर ओतलंत, चपला काढून त्यात पाय बुडवलात आणि कोरड्या फरशीवर ठेवलात. तुमचा ठसा अख्खा उमटला, टाचेपासून बोटांपर्यंत, खाच नावालाही नाही. लेकीला म्हणालात, ‘आता तू.’ तिने फ्रॉक वर धरून तुमच्या ठशाशेजारी आपलं पाऊल ठेवलं. ‘सेम टू सेम,’ तुम्ही म्हणालात. ‘आणि मी दिवसभर उभी असते.’ ती तुमच्याकडे बघतच राहिली. मावशीबाई फरशी पुसायला आल्या, तेव्हा तिने त्यांना हाताने थांबवलं होतं, ते तुम्ही पाहिलं नसेल. तुम्ही पुढचा केसपेपर हातात घेतला होता.

मला तुम्ही जे सांगितलंत ते मी भेटेल त्या आईला सांगते. लहान मुलांच्या तळव्यात चरबीची गादी असते, सांधे सैल असतात, त्यामुळे पाय सपाटच दिसतो. कमान हळूहळू धरते, कुणाची दहाव्या वर्षापर्यंत. काहींची कधीच फारशी होत नाही आणि त्यांचं काही अडत नाही. पाय दुखत असेल, ताठर असेल, एकच पाऊल सपाट असेल किंवा चवड्यांवर उभं राहूनही कमान दिसत नसेल, तर दाखवायचं. बाकी घरात अनवाणी खेळू द्यायचं. आमच्या सासूबाईंचा ‘वाढत्या अंगाचे घ्या’ हा नियमही तुम्ही हसत हसत मोडलात. फ्रॉक वाढत्या अंगाचा चालतो, बूट नाही. संध्याकाळी, मूल उभं असताना, दोन्ही पायांचं माप घ्यायचं आणि पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवायची. दर तीन-चार महिन्यांनी चाचपून बघायचं.

घरी येऊन मी वाचत बसले. आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले होते आणि ते १९९२ साली छापून आलं. बूट-चपला वापरणाऱ्या मुलांत सपाट पाय ८.६ टक्के, अनवाणी फिरणाऱ्यांत २.८ टक्के. त्याआधी १९८९ साली अमेरिकेतला एक अभ्यास आला होता. काही मुलांना खास बूट किंवा इनसोल, काहींना काहीच नाही. तीन वर्षांनी सगळ्यांच्या पायांत सारखीच सुधारणा. म्हणजे ही माहिती आमच्या लेकीच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून होती. काचेच्या यंत्रामागे बसलेल्यांना ती ठाऊक नसेल, असं मानायला माझं मन तयार नाही.

‘बाई, यात काही बिघडलेलं नाही, चालू द्या’ म्हणणारा मिक्सर दुरुस्तीवाला असो नाहीतर डॉक्टर, अशी माणसं मला हल्ली फार मोठी वाटतात. त्यांच्या हाती काही पडत नाही. आपण ‘थँक्यू’ म्हणून निघतो आणि फी भरली ती जागा लक्षात ठेवतो. तुमचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. त्या दिवशी साधा पेढ्यांचा पुडाही तुम्ही घेतला नव्हतात.

लेक आता सँडल घालते आणि पळते. खाली पार्किंगमध्ये तिचा आवाज असा असतो की शेजारचे आजोबा तक्रार करतात. ते खास बूट माळ्यावर आहेत. कुणाला द्यावे, तर देववत नाहीत.

आमच्याच बिल्डिंगमधल्या एकीला परवा तसंच लाल-पिवळं प्रिंटआउट मिळालंय, तिच्या मुलाचं. तिला तुमच्या ओपीडीचा वार सांगितलाय. तुमच्या गर्दीत आणखी एकाची भर घातली, तेवढं माफ करा.

आपली,
एक आई