साठावा हिस्सा

ठाणे
हनुक्काचा, आमच्या दिव्यांच्या सणाचा, तिसरा दिवस

प्रिय बाळ्या,

तुझा मेसेज मिळाला. "मला हे परक्याच्या तोंडून कळावं?" एवढीच ओळ, आणि त्याच्या वरचा एक मेसेज तू डिलीट केलेला. त्यात काय असणार ते मला माहीत आहे. इस्राएल आळीत आपण एकत्र गोट्या खेळायचो तेव्हापासून तुझ्या शिव्या मला पाठ आहेत. त्या मी वाचल्या असं समज आणि आता ऐक.

जुलैत मानेला गाठ लागली. दाढी करताना. सुपारीएवढी, दुखत नव्हती, म्हणून तीन आठवडे मी ती कोणालाच दाखवली नाही. बायोप्सीत निघालं लिम्फोमा, लसिका ग्रंथींचा कॅन्सर. उपचार म्हणजे दर एकवीस दिवसांनी एक केमो, अशा सहा सायकली. त्यातलं एक औषध सरबतासारखं लालभडक असतं. ते चढलं की लघवीही लाल होते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी संडासातूनच बायकोला हाक मारली होती. सहावी सायकल नोव्हेंबरात झाली. जानेवारीत स्कॅन आहे. केस गेले, भुवया गेल्या. वजन नऊ किलो उतरलं. बोटांना अजून मुंग्या येतात, त्यामुळे हे अक्षर असं. आजाराबद्दल एवढं पुरे.

तुला का सांगितलं नाही, ते मात्र सविस्तर सांगायला हवं.

तुला ठाऊक आहे, आमच्या बेने इस्राएल जमातीत, म्हणजे गाव ज्यांना शनवार तेली म्हणायचं त्या कोकणातल्या ज्यूंमध्ये, कोणी आजारी पडलं की जाणारा मी. बिकुर होलिम म्हणतात त्याला, आजाऱ्याची विचारपूस. बाबा मला लहानपणी अलिबागच्या सरकारी दवाखान्यात हात धरून न्यायचे, खिशात दोन मोसंबी. पुढे ठाण्यात तेच काम मी वीस वर्षं केलं. कोणाला डबा, कोणाला रक्त, कोणाच्या उशाशी रात्र. खरं सांगू? मला ते आवडायचं. आपण उभे आणि दुसरा आडवा, यात एक सुख असतं, ते आडवं पडल्याशिवाय कळत नाही. माझी पाळी आली तेव्हा बायकोला मी शपथ घातली, कोणाला सांगायचं नाही. लोक येणार, मोसंबी आणणार, माझ्याकडे तसं बघणार जसं मी इतरांकडे बघत आलो. ते मला नको होतं.

दुसऱ्या सायकलीनंतर बायकोनं शपथ मोडली. शनिवारी सिनेगॉगमध्ये तिनं हजानसाहेबांच्या, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांच्या, हातात माझं नाव लिहिलेली चिठ्ठी दिली. सेफेर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, वाचताना आजाऱ्यासाठी 'मी शेबेराख' नावाची प्रार्थना म्हणतात, आणि त्यात माणसाचं नाव बापाच्या नावानं नाही, आईच्या नावानं घेतात. अमक्या आईचा मुलगा. हॉस्पिटलच्या सगळ्या कागदांवर बाबांचं नाव आहे, आधारवर बाबांचं. आईचं नाव तिच्या कबरीच्या दगडाखेरीज कुठे उरलं नव्हतं. ते भरल्या सिनेगॉगमध्ये मोठ्यानं घेतलं गेलं. मी तेव्हा घरी पडलो होतो, पोरानं येऊन सांगितलं, "बाबा, आजीचं नाव घेतलं." मी भिंतीकडे तोंड करून झोपलो. पवित्र शास्त्रातल्या हिज्कियाह राजानंही आजारपणात असंच भिंतीकडे तोंड केलं होतं, त्याला पुढे पंधरा वर्षं मिळाली. मी काही मागितलं नाही. नुसता रडलो.

दुसऱ्या दिवशी हजानसाहेब दारात. माझे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे काउंट खाली गेलेले, म्हणून मास्क लावून दाराच्या चौकटीतच उभे राहिले. मी म्हटलं, कशाला आलात, मी ठीक आहे. त्यांनी मला रब्बी योहानन या जुन्या धर्मपंडिताची गोष्ट सांगितली. हा योहानन आजाऱ्यांना हात देऊन उठवायचा. एकदा आजारी मित्राला त्यानं विचारलं, "तुला ही दुखणी प्रिय आहेत का?" तो म्हणाला, "तीही नकोत आणि त्यांचं फळही नको." योहाननं हात दिला, मित्र उठला. पुढे योहानन स्वतःच पडला. तेव्हा दुसऱ्या रब्बीनं येऊन त्याला तेच विचारलं, त्यानंही तेच उत्तर दिलं, आणि त्या रब्बीनं त्याला हात देऊन उठवलं. तालमूद, म्हणजे आमच्या रब्बींच्या चर्चांचा जुना ग्रंथ, विचारतो, इतरांना उठवणारा स्वतःला का नाही उठवू शकला? आणि उत्तर देतो: कैदी स्वतःला तुरुंगातून सोडवू शकत नाही.

हजानसाहेबांनी पुढे स्पष्टीकरण दिलं नाही. "उद्या पेज पाठवतो," म्हणाले आणि गेले.

त्या 'फळही नको'वर मी बरेच दिवस जगलो, बाळ्या. भेटायला येणारे काय काय सांगतात! देव परीक्षा घेतो, यातून काहीतरी चांगलं निघेल. अरे, काही नको निघायला. तालमूदमधले रब्बीसुद्धा सरळ म्हणतात नको, तर मी कोण संत?

मग दारफळणीचा सण आला, योम किप्पूर, प्रायश्चित्ताच्या उपासाचा दिवस. तेराव्या वर्षापासून मी हा उपास कधी मोडला नव्हता. तुला आठवत असेल, तू मुद्दाम माझ्यासमोर भजी खायचास. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उपास अजिबात नाही. मी हटून बसलो. हजानसाहेब म्हणाले, नियम असा आहे: वैद्य म्हणाला नको आणि आजारी म्हणाला खायला हवं, तर आजाऱ्याचं ऐकायचं. वैद्य म्हणाला हवं आणि आजारी म्हणाला नको, तर वैद्याचं ऐकायचं. म्हणजे कुठूनही आलास तरी खायचंच! तू न खाणं हीच त्या दिवशीची चूक ठरेल.

तर पांढरे कपडे घालून मी खोलीत बसलो. बायकोनं तांदळाची पेज करून ठेवलेली, आणि तीस मिलीलिटरची खूण असलेलं औषधाचं झाकण. खुणेच्या खालीच भरायचं, प्यायचं, मग घड्याळाकडे बघत नऊ मिनिटं थांबायचं, मग पुन्हा एक. आजाऱ्यानं त्या दिवशी असं तुकड्यातुकड्यानं खायचं असतं. तोंडात फोड आलेले, प्रत्येक घोट मिठासारखा झोंबायचा. त्या नऊ-नऊ मिनिटांत मी जेवढी प्रार्थना केली तेवढी चोवीस तास उपाशी राहून कधी केली नव्हती. उपाशी माणूस दुपारनंतर फक्त जेवणाचा विचार करतो, हे मी इतकी वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं.

आणि मिनियानचं ऐक. आमच्यात कद्दीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायला दहा पुरुष लागतात, तेच मिनियान. ठाण्यात १८७९ सालचं आमचं सिनेगॉग अजून भरतं, पण दहा जण न मिळण्याची अलिबागसारखी वेळ इथेही आठवड्याच्या मधल्या दिवशी येते. निम्मे लोक इस्राएलात डिमोना नाहीतर अश्दोदला जाऊन बसलेत. ऑक्टोबरात एका संध्याकाळी हजानसाहेब आठ जणांना घेऊन माझ्या घरी. त्यांतल्या एकाच्या वडिलांचं वर्षश्राद्ध, त्याला कद्दीश म्हणायचं होतं. मी म्हटलं, माझ्याकडे कशाला? म्हणाले, नऊच मिळाले. आजारी माणूस झोपून असला तरी मोजतात, दहावा तू.

मास्क लावून खिडकीपाशी उभे राहिले सगळे. मी पलंगावर, डोक्यावर टोपी, टकलावरून घसरणारी. तो मुलगा कद्दीश म्हणत होता आणि मी आमेन म्हणत होतो. दोन महिन्यांत पहिल्यांदा माझा कोणाला तरी उपयोग झाला होता. पुढे मला संशय आला की दहावा माणूस त्यांनी मुद्दामच शोधला नसेल. विचारलं नाही.

आता तुझ्याकडे येतो. तालमूदमध्ये म्हटलंय, भेटायला येणारा आजाराचा साठावा हिस्सा घेऊन जातो. मग कोणीतरी लगेच विचारतो, असं असेल तर साठ माणसं बोलवा की, आजार संपला! उत्तर असं की प्रत्येक जण उरलेल्याचा साठावा नेतो. तू गणिताचा मास्तर, तूच कर. मी मोबाइलवर केलं, साठ जण येऊन गेले तरी छत्तीस टक्क्यांच्या वर शिल्लक. पण त्यातली खरी अट पुढे आहे. साठावा हिस्सा कोणीही नेऊ शकत नाही, फक्त बेन गिलो नेतो, म्हणजे एकाच नक्षत्रावर जन्मलेला.

माझ्या माहितीत माझ्या नक्षत्रावरचा एकच माणूस आहे. अलिबागच्या त्याच दवाखान्यात, त्याच आठवड्यात. तुझी आई सांगायची, दोघांना एकाच पाळण्यात ठेवलं होतं. आणि त्यालाच मी कळवलं नाही. चुकलं माझं.

तेव्हा ये. स्कॅनच्या आधी ये, नंतर नको. नंतर आनंद असला तर सगळेच येतील. काउंट आता बरे आहेत, दारात उभं राहावं लागणार नाही. येताना पोयनाडचे वाल आण, बिरडं खावंसं वाटतंय. तोंडाची चव परत येते आहे, अजून सगळं पत्र्यासारखं लागतं पण वाल ओळखता येतील. कोळंबीचा विषय काढू नकोस.

बायकोनं एलियाहू हन्नाबीला, आमच्या एलिया संदेष्ट्याला, नवस बोललाय. फेब्रुवारीच्या सुमाराला अलिबागजवळच्या खंडाळ्याला मलिदा, म्हणजे आभाराचा प्रसाद, करायचा, एलियाहूच्या घोड्यांच्या टापा उमटल्या म्हणतात त्या खडकापाशी. हॉस्पिटलातल्या सिस्टरला वाटलं आम्ही लोणावळ्याच्या खंडाळ्याला हवा खायला चाललोय. पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, पाच फळं, सगळं इथून नेऊ. नारळ तेवढे तुझ्या वाडीतले. स्कॅन कसाही येवो, ती म्हणते जायचंच. मी विचारलं, नवस फेडायचा तो बरं झाल्यावर ना? तर म्हणाली, मी बरं होण्याचा बोललेच नाही, तुम्ही लोकांना घरात येऊ द्याल याचा बोलले होते.

बसनं येऊ नकोस, मांडव्याहून बोट घे. पोराला घ्यायला पाठवतो.

तुझा
शनवार तेली