मामे-लोशन

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत की ब्रुकलिनमध्ये माझ्या क्लिनिकच्या आसपास राहणारे ते काळे कोट, काळ्या टोप्यावाले ज्यू म्हणजे आपल्या अलिबागच्या इस्रायल आळीतल्यांसारखेच का, आणि पेशंट आत आली म्हणून मी घाईत हो म्हणून टाकलं. तसं नाहीये हो. शनिवार दोघांचाही कडक, तेवढंच सारखं. आपले शनिवार तेली, म्हणजे कोकणातले बेने इस्रायली ज्यू, घरात मराठीच बोलत आले, त्यांचा वल्हांडण सणाच्या रात्री वाचायचा हग्गादा हा ग्रंथ १८७४ सालीच पुण्यात मराठी भाषांतरासकट छापला होता. आणि इथले बोलतात यिडिश. कानाला जर्मनसारखी वाटते, मध्येमध्ये हिब्रू आणि स्लाव्हिक शब्द, आणि लिहायची हिब्रू लिपीत, उजवीकडून डावीकडे.

माझ्या एक पेशंट आजी आहेत, ऐंशीच्या पुढच्या, युद्धानंतर हंगेरीहून तान्ह्या असताना इथे आलेल्या. गुडघा जरा वाकवला की "ओय!", अगदी आईचं "आई गं" असतं तसं. मी थांबले की म्हणतात "नू?" या नू चा अर्थ मग, बोल की, झालं का, पुढे काय, सगळं काही, नुसता सूर बदलायचा. सोबत चार वर्षांचा पणतू येतो तो तासभर त्यांच्याशी यिडिशमध्ये भांडतो, इंग्रजीचा एक शब्द नाही. मी एकदा विचारलं, हिब्रू का नाही बोलत? म्हणाल्या, ती लोशन-कोइदेश, पवित्र भाषा, प्रार्थनेची, तिच्यात काय बटाटे आणायचे?

दुसऱ्या महायुद्धाआधी जगात एक कोटीच्या वर लोक ही भाषा बोलायचे. नाझींनी साठ लाख ज्यू मारले त्यातले बहुतेक हीच बोलणारे. आणि जे आधीच अमेरिकेत आले होते त्यांच्याकडे कुणी मारायला आलं नाही, तरी दोन पिढ्यांत इंग्रजी झाली. न्यूयॉर्कात १८९७ ला सुरू झालेला फोर्वर्ट्स नावाचा यिडिश पेपर एके काळी रोज दोन लाखांवर खपायचा, छापील अंक २०१९ ला बंद, आता फक्त ऑनलाइन. आयझॅक बाशेविस सिंगर यांना १९७८ चं साहित्याचं नोबेल मिळालं ते यिडिश लिखाणासाठी, पण त्या पेपरच्या वाचकांच्या किती नातवंडांना ते मुळातून वाचता येत असेल! आणि गंमत बघा, भाषा आज टिकवलीये कुणी, तर घरात कादंबरीसुद्धा येऊ न देणाऱ्या या काळ्या कोटवाल्या कर्मठ हसिदी ज्यूंनी. त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही, मुलग्यांच्या काही शाळांत इंग्रजी-गणित इतकं कमी की त्यावरून इथे मोठा वाद चालूय. पण दुकानाच्या पाटीपासून पाळण्यापर्यंत सगळं त्याच भाषेत, तिला वाचवतोय वगैरे कुणाच्या डोक्यातही नसतं.

यिडिशला ते प्रेमाने मामे-लोशन म्हणतात. हे लोशन अंगाला लावायचं नाही हं आई 😄, लोशन म्हणजे भाषा. आईची भाषा. आणि इस्रायलला गेलेले आपले बेने इस्रायली तिथे मराठी मासिक काढायचे त्याचं नाव काय माहितीये? मायबोली!

आता कामाचं. व्हिडिओ कॉलवर ईरा दिसली की तुमचं दोघांचं जे "हॅलो बेटा, हाऊ आर यू, डिड यू ईट" सुरू होतं ना, ते प्लीज बंद करा. तिला कळावं म्हणून करता हे माहितीये मला, पण मराठी तिला सगळी कळते, उत्तर इंग्रजीत देते एवढंच, देऊ दे. आई, तू रविवारी तिला ते शेणाचं घर मेणाचं घर सांग, कावळ्याच्या आवाजासकट. मी मध्ये अर्थ सांगायला येणार नाही.

आणि बाबा, गुडघ्याचे व्यायाम मी व्हिडिओ करून पाठवले त्याला तीन आठवडे झाले.

नू?

तुमची,
सोनू