‘हॅरिएट लेन’ ही जकात खात्याची नौका होती

प्रति,
संपादक महोदय,
सादर नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतील यादवी युद्धावर जो लेख आला, तो मी दोनदा वाचला. सम्टर किल्ल्यावर पहिल्या तोफा धडाडल्या त्याचे वर्णन लेखकाने फार चांगले केले आहे. मात्र त्यात ‘हॅरिएट लेन’ या वाफेच्या जहाजाला एके ठिकाणी ‘युद्धनौका’ आणि दुसरीकडे ‘महसूल नौका’ म्हटले आहे, शिवाय गॅल्व्हेस्टनच्या बंदरात तिचा शेवट झाला असेही लिहिले आहे. या तिन्ही गोष्टींना दुरुस्ती हवी, आणि ती करण्याचा थोडा अधिकार मला माझ्या नोकरीने दिला आहे, म्हणून हे पत्र.

महसूल म्हटला की आपल्या भागातील माणसाला तलाठी, उतारा आणि शेतसारा आठवतो. या नौकेचा त्या महसुलाशी काही संबंध नव्हता. परदेशातून येणाऱ्या मालावरची जकात बुडू नये म्हणून किनाऱ्यावर गस्त घालणारी ती नौका होती, म्हणून तिला जकात नौका म्हणणेच योग्य. मी स्वतः सत्तरच्या दशकात केंद्रीय अबकारी खात्यात लागलो आणि पहिली काही वर्षे निपाणीच्या तंबाखूच्या वखारींतून काढली. पानाच्या तंबाखूवरचा कर १९७९ साली उठला, त्याआधी वखारीतून एक बोद, म्हणजे तंबाखूचे गाठोडे, जरी हलवायचा तरी परवाना लागत असे, आणि गाडी अडवताना आधी काय करायचे व नंतर काय, याचे नियम आम्हाला पाठ असावे लागत. त्यामुळे ‘हॅरिएट लेन’ची हकीकत वाचताना मला ती लढाऊ गलबताची वाटतच नाही, आमच्याच खात्यातील एखाद्या धडधाकट सहकाऱ्याची ती कहाणी वाटते.

अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन याच्या आग्रहाने तिथल्या काँग्रेसने १७९० च्या ऑगस्टमध्ये दहा जकात नौका बांधण्यास मंजुरी दिली. नव्या सरकारच्या डोक्यावर स्वातंत्र्ययुद्धाचे कर्ज होते, आयकर अजून जन्माला यायचा होता, आणि तिजोरीत जे काही पडे त्याचा फार मोठा भाग बंदरांवरच्या जकातीतून येत असे. या नौका नौदलाकडे नव्हत्या, खजिना खात्याकडे होत्या, आणि त्यांचे अधिकारीही त्याच खात्याचे चाकर होते. १७९९ च्या कायद्याने त्यांना स्वतंत्र निशाण मिळाले. त्यावर तांबड्या-पांढऱ्या उभ्या सोळा पट्ट्या होत्या, कारण त्या वेळी संघात सोळा राज्ये होती. राष्ट्रध्वजाच्या पट्ट्या आडव्या आणि जकातीच्या उभ्या, म्हणजे समोरच्याने दुरूनच ओळखावे. त्याच कायद्यात असेही होते की नौकेने आपले निशाण उभारून इशाऱ्याची तोफ डागल्यावरही एखादे जहाज थांबले नाही, तर त्याच्यावर गोळा टाकण्याची मुभा आहे. हे कलम वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे ते कामाला येणार आहे.

सुरुवातीच्या सगळ्या नौका शिडाच्या होत्या. १८४० च्या दशकात खजिना खात्याने वाफेच्या लोखंडी नौका बांधून पाहिल्या, पण पाण्याखाली आडवी फिरणारी चाके असल्या नव्या कल्पनांपायी तो प्रयोग महागात गेला आणि फसला. त्यानंतर पुष्कळ दिवस खात्याने वाफेचे नाव काढले नाही. (सरकारी खाते एकदा पोळले की किती वर्षे ताक फुंकून पिते, हे मला सांगायला नको.) अखेर न्यूयॉर्कचे नामांकित जहाजबांधणीदार विल्यम वेब यांनी ‘हॅरिएट लेन’ बांधली आणि १८५७ च्या नोव्हेंबरमध्ये ती पाण्यात उतरली. म्हणजे इकडे उत्तरेत बंडाचा वणवा पेटलेला होता आणि आपल्या शेजारच्या नरगुंदला बाबासाहेब भाव्यांचा उठाव व्हायला अवघे काही महिने उरले होते. सुमारे १८० फूट लांबीची, दोन डोलकाठ्यांची, तळाला तांब्याचा पत्रा मारलेली आणि दोन्ही कुशींना मोठी चाके असलेली ही नौका वारा असेल तर शिडावर आणि नसेल तर वाफेवर चालत असे. नाव तिला मिळाले ते अविवाहित राष्ट्राध्यक्ष जेम्स ब्यूकॅनन यांच्या भाचीचे. मामांच्या घरी यजमानीणबाईचे काम ही भाचीच पाहत असे. याच बाईंनी पुढे आपली दोन्ही मुले गमावल्यावर बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेत आजारी मुलांसाठी रुग्णालय व्हावे म्हणून आपली संपत्ती ठेवली. नौकेपेक्षा हे काम जास्त टिकले, पण तो वेगळा विषय झाला.

पॅराग्वेच्या मोहिमेचा उल्लेख मूळ लेखात नाही, तो एका परिच्छेदापुरता तरी हवा होता. १८५५ साली नदीची पाहणी करणाऱ्या ‘वॉटर विच’ या अमेरिकन जहाजावर पॅराग्वेच्या किल्ल्यातून मारा झाला आणि सुकाणूवरचा खलाशी ठार झाला. त्याचा जाब विचारायला १८५८ मध्ये कमोडोर शुब्रिक यांच्या हाताखाली मोठे आरमार निघाले. नद्यांतून आत जायचे तर थोड्या पाण्यात तरंगणारी वाफेची जहाजे हवीत आणि नौदलाकडे तशी पुरेशी नव्हती, म्हणून जकात खात्याची ही नवी नौका उसनी घेतली गेली. लढाई झालीच नाही. पॅराग्वेने माफी मागितली आणि मृत खलाशाच्या कुटुंबासाठी १०,००० डॉलर दिले. १८६० च्या ऑक्टोबरमध्ये हिच्यावरच इंग्लंडचे युवराज, पुढचे सातवे एडवर्ड, वॉशिंग्टन यांची समाधी पाहायला माउंट व्हर्ननला गेले. सोबत राष्ट्राध्यक्ष आणि खुद्द हॅरिएटबाई होत्या.

आता सम्टरबद्दल. एप्रिल १८६१ मध्ये चार्ल्सटनच्या बंदरातील, संघ सरकारच्या ताब्यातील त्या किल्ल्याची रसद संपत आली होती आणि ती पोहोचवण्यासाठी निघालेल्या काफिल्यात ‘हॅरिएट लेन’ होती. काही दिवसांपूर्वीच ती नौदलाच्या दिमतीला दिलेली होती, हे खरे. पण कप्तान जॉन फॉन्स जकात खात्याचा आणि माणसेही त्याच खात्याची होती. बंदराच्या तोंडाशी ‘नॅशव्हिल’ नावाची एक आगबोट निशाण न लावता आत शिरताना दिसली. फॉन्सने तिच्या नाळेपुढून, म्हणजे पुढच्या टोकासमोरून, एक गोळा सोडला, तिने मुकाट्याने अमेरिकेचे निशाण चढवले आणि तिला जाऊ देण्यात आले. या युद्धात जहाजावरून डागलेला पहिला गोळा तो हाच, असे मानले जाते. आपल्या लेखकाने त्याचे वर्णन ‘युद्धनौकेने शत्रूवर केलेला पहिला हल्ला’ असे केले आहे. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. अनोळखी गाडी दिसली, पाटी नाही, हात दाखवला. पाटी दिसली, कागद बरोबर निघाले, गाडी सोडली. सत्तर वर्षे अमेरिकेच्या किनाऱ्यावर या नौका जे रोज करत आल्या तेच फॉन्सने त्या दिवशी केले. त्याचा हेतू कोणाला मारण्याचा नव्हता, कोण आहेस ते दाखव एवढेच विचारण्याचा होता. ज्या ‘नॅशव्हिल’ला त्याने सोडले ती पुढे दक्षिणेच्या, म्हणजे संघातून फुटलेल्या राज्यांच्या, बाजूने लढली आणि १८६३ मध्ये जॉर्जियाच्या किनाऱ्यावर जळाली, पण त्या दिवशी तिचे कागद बरोबर होते, आणि नियमाने वागणाऱ्या माणसाने तिला सोडणेच योग्य होते.

त्यानंतर मात्र नौका खऱ्या अर्थाने नौदलाची झाली. ऑगस्ट १८६१ मध्ये ती हॅटरसच्या खाडीवरील मोहिमेत होती, आणि १८६२ च्या वसंतात न्यू ऑर्लिन्सच्या मोहिमेत कमांडर डेव्हिड पोर्टर यांचे निशाण तिच्यावर होते. मिसिसिपीच्या मुखावरील जॅक्सन आणि सेंट फिलिप या दोन किल्ल्यांच्या शरणागतीचा कागद २८ एप्रिल १८६२ रोजी तिच्यावरच लिहिला गेला. हा कागद लिहिला जात असतानाच दक्षिणेच्या लोकांनी आपल्या ‘लुइझियाना’ या चिलखती जहाजाला आग लावून ते प्रवाहात सोडून दिले आणि ते थोड्या अंतरावर प्रचंड आवाज करून फुटले.

गॅल्व्हेस्टन हे टेक्ससमधील कापसाचे बंदर. ते १८६२ च्या ऑक्टोबरमध्ये उत्तरेने, म्हणजे संघ सरकारच्या बाजूने, घेतले होते. १ जानेवारी १८६३ च्या पहाटे दक्षिणेचे जनरल मॅग्रुडर यांनी त्यावर चाल केली. त्यांच्याकडे लढाऊ जहाजे नव्हती. नदीत फिरणाऱ्या दोन साध्या आगबोटी होत्या, ‘बायू सिटी’ आणि ‘नेपच्यून’. त्यांच्या कठड्यांवर त्यांनी कापसाच्या गासड्या रचल्या आणि गासड्यांच्या आड बंदूकधारी बसवले. ‘नेपच्यून’ मार खाऊन उथळ पाण्यात बसली, पण ‘बायू सिटी’ थेट ‘हॅरिएट लेन’च्या चाकात घुसली आणि माणसे उड्या मारून वर चढली. कमांडर जोनाथन वेनराइट ठार झाले. त्यांचे दुय्यम अधिकारी लेफ्टनंट एडवर्ड ली प्राणांतिक जखमी झाले. हल्ला करणाऱ्यांच्या बाजूला एडवर्डचे वडील, मेजर आल्बर्ट ली, होते. जहाज हाती आल्यावर ते वर गेले तेव्हा मुलगा शेवटच्या घटका मोजत होता. गॅल्व्हेस्टनला एडवर्डच्या थडग्यावर ‘माझे वडील येथे आहेत’ हे त्याचे शब्द कोरलेले आहेत. आपल्या पुरवणीत तोफांची संख्या आली, हे थडगे आले नाही, याचे मला आश्चर्य वाटले.

पण नौका तिथे बुडाली नाही. त्या दिवशी स्वतःच्या माणसांनी उडवून दिले ते ‘वेस्टफील्ड’ हे दुसरे जहाज, आणि लेखकाचा घोटाळा बहुधा त्यावरूनच झाला असावा. ‘हॅरिएट लेन’ पकडली गेली, ‘लॅव्हिनिया’ या नावाने मालवाहू झाली, आणि १८६४ मध्ये कापूस भरून, दक्षिणेच्या बंदरांभोवतीची उत्तरेची नाकेबंदी चुकवत क्यूबातील हवानाला पोचली. चोरटा माल पकडण्यासाठी बांधलेली नौका चोरटा माल वाहू लागली. खात्यात असताना जप्त झालेली जीप पुढे खात्याच्याच कामाला लागलेली मी पाहिली आहे. याच्या उलट घडलेले मात्र कधी पाहिले नाही. युद्ध संपल्यावर १८६७ मध्ये तिला हवानाहून ताब्यात घेतले ते पुन्हा कप्तान फॉन्स यांनीच. पण जकातीच्या कामाला ती आता उपयोगाची नाही असे ठरून विकली गेली, तिची यंत्रे निघाली, आणि ‘एलियट रिची’ नावाचे शिडाचे गलबत म्हणून तिने उरलेली वर्षे काढली. १८८४ च्या मे महिन्यात ब्राझीलमधील पर्नांबुकोच्या किनाऱ्याजवळ, पाणी भरलेल्या अवस्थेत, खलाशांनी तिला सोडून दिले.

या सगळ्याशी बेळगावच्या वाचकाचा काय संबंध, असे कोणी म्हणेल; लेखकाने तो जोडायला हवा होता, कारण तो कापसातून सरळ जुळतो. १८४० च्या दशकात कंपनी सरकारने अमेरिकन कापूस हिंदुस्थानात लावून पाहिला. बहुतेक ठिकाणी तो फसला, पण धारवाडच्या काळ्या रानात कलेक्टर शॉ यांच्या प्रयत्नांनी रुजला. त्याचे बी न्यू ऑर्लिन्सचे होते. ज्या शहराचे किल्ले पुढे ‘हॅरिएट लेन’वर शरण आले, त्याच शहराच्या नावाचा कापूस आपल्या शेजारी वीस वर्षे पिकत होता, आणि आपला जवारी, म्हणजे देशी, कापूस कुमठ्याच्या बंदरावरून ‘कुमठा’ म्हणून ओळखला जात होता. उत्तरेच्या नाकेबंदीने दक्षिणेचा कापूस अडला तेव्हा मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर या दोन्ही कापसांवर गेली. भाव चढले, आणि चढल्या भावाबरोबर भेसळही आली. न्यू ऑर्लिन्सच्या कापसात जवारी मिसळून गासड्या बांधल्या जाऊ लागल्या, म्हणून मुंबई सरकारला १८६३ मध्ये कापसातील लबाडीविरुद्ध कायदा करून तपासनीस नेमावे लागले. म्हणजे गॅल्व्हेस्टनला गासड्यांचे चिलखत झाले त्याच वर्षी आपल्याकडे गासड्या फोडून तपासायला सरकारी माणूस आला. १८६२ मध्ये उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून मुंबईला जोडला गेला, त्यामागेही कारवारला कापसाचे बंदर व्हावे हा मोठा हेतू होता. जिल्हे एका राज्यातून दुसऱ्यात जाणे सीमाभागाला नवे नाही, पण त्याचे एक कारण अमेरिकेच्या किनाऱ्यावरील नाकेबंदी होते हे फारसे कोणाला ठाऊक नसते. १८६५ मध्ये ते युद्ध संपले, भाव कोसळले आणि मुंबईचे सट्टेवाले बुडाले. सौंदत्ती-बैलहोंगलकडच्या ज्या शेतकऱ्यांनी ज्वारी मोडून कापूस लावला असेल, त्यांचे त्या साली काय झाले असेल याची कल्पना करायला मला अवघड जात नाही. तंबाखूचा भाव पडलेली निपाणी मी पाहिलेली आहे.

तरी विनंती अशी की, पुढील रविवारी दुरुस्ती छापताना ‘महसूल नौका’ऐवजी ‘जकात नौका’ असा शब्द घ्यावा, आणि गॅल्व्हेस्टनला ती बुडाली हे वाक्य काढून १८८४ सालची हकीकत घालावी. लेखकांना हवे असल्यास धारवाडी-अमेरिकन कापसावर मी जमवलेली टिपणे त्यांना देण्यास आनंद वाटेल. आपल्या कार्यालयामार्फत निरोप द्यावा.

आपला,
एक निवृत्त अबकारी कर्मचारी
निपाणी, जि. बेळगाव