मावशींच्या रेशमाला कात्री लाव

फिलाडेल्फिया,
9 नोव्हेंबर 2025

प्रिय नलू,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. मावशींची, म्हणजे तुझ्या आईची, लुगडी ट्रंकेतून काढून पलंगावर पसरलीस, कात्री हातात घेतलीस आणि पुन्हा घड्या घालून ठेवून दिलीस. "कापवत नाही गं," एवढंच लिहून थांबलीस. म्हणून आज सगळी कामं बाजूला ठेवून हे लांबलचक पत्र लिहायला बसले आहे. मला तुला ती लुगडी क्रेझी क्विल्टसाठी कापायला लावायची आहेत.

आपल्याकडे सुती लुगडं विरलं की त्याची वाकळ होते. त्यात कुणाचा जीव अडकत नाही. रेशमाचं मात्र वेगळंच. ते जपायचं, वर्षातून एकदा उन्हं दाखवायची, डांबराच्या गोळ्या घालून परत ट्रंकेत टाकायचं, आणि एक दिवस उलगडलं की घडीवर चिरलेलं बघून हळहळायचं. मग दारावर जुन्या जरीच्या साड्या घेणारा येतो, काठ-पदर तेवढे उपयोगाचे म्हणून नेतो, आणि तिच्यातली चांदी काढायला ती साडी जाळली जाते. माझ्या आईचा शालू असाच गेला. तेव्हा मला हे काम येत असतं तर मी तो जाऊ दिला नसता.

क्रेझी क्विल्ट म्हणजे काय, ते फोटोवरून नीट कळलं नाही म्हणतेस. वाकळीत तीनचार थर एकावर एक घालून धावदोऱ्यानं सगळे एकत्र बांधतो. तो धावदोराच वाकळीचा जीव. इथे तसं नसतं. खाली साधं सुती कापड, त्यावर वेड्यावाकड्या आकाराचे रेशमाचे, मखमलीचे, ब्रोकेडचे तुकडे जोडायचे आणि जिथे दोन तुकडे मिळतात त्या प्रत्येक जोडावर भरतकाम करायचं. मध्ये कापूस बहुधा नसतोच. मागे अस्तर लावून थोड्याथोड्या अंतरावर दोऱ्याच्या गाठी मारल्या की झालं. म्हणून ते थंडीत पांघरायला कामाचं नाही, आणि धुवायचं तर नाहीच. ते पाहायचं, दाखवायचं, भिंतीवर लावायचं. अंगावर घ्यायला आपली वाकळ आहेच की!

शिकले ते इथल्या वाचनालयात भरणाऱ्या शिवण-मंडळात. ऐंशी ओलांडलेल्या एक आजी शिकवतात. पहिल्या भेटीत त्यांनी सुई हातात घेऊच दिली नाही. एका जुन्या क्विल्टचा तुकडा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, आज फक्त पाहा. तासभर पाहिल्यावर लक्षात आलं की यात वाटेल तसं काहीच नाही. भडक तुकड्याशेजारी गडद मखमल मुद्दाम ठेवली होती, डोळ्यांना टेकायला जागा मिळावी म्हणून. काळा रंग तीन ठिकाणी, तिन्ही एकमेकांपासून लांब. एकसारखा टाका शेजारशेजारच्या जोडांवर कुठेच नाही.

या प्रकाराची लाट आली ती याच शहरातून, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला. 1876 साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षं झाली म्हणून फिलाडेल्फियात जंगी प्रदर्शन भरलं होतं. मे ते नोव्हेंबर या सहा महिन्यांत सुमारे एक कोटी भेटींची नोंद झाली. जपाननं आणलेल्या वस्तू पाहायला लोकांची झुंबड उडाली. त्यांतल्या मातीच्या भांड्यांच्या चकचकीत लेपावर तडे गेल्यासारखी बारीक रेघांची जाळी असायची, आणि चित्रांत सगळं एका बाजूला झुकलेलं, डावं-उजवं सारखं नसलेलं. लंडनच्या रॉयल स्कूल ऑफ नीडलवर्कचं भरतकामही तिथेच मांडलं होतं. क्रेझी क्विल्टची प्रेरणा या दोन्हींतून आली असं मानतात. पुढची दहापंधरा वर्षं बैठकीच्या खोलीत असं एक क्विल्ट नाही असं खातंपितं घर सापडणं अवघड झालं. रेशमाच्या कातरणांची पुडकी टपालानं विकली जायची. ज्यांना ती परवडत नसत त्या बायका लोकरीच्या आणि सुती चिंध्यांचे तसेच क्विल्ट करत, आणि मला तर तेही तितकेच आवडतात.

त्या प्रदर्शनातली मेमोरियल हॉल नावाची दगडी इमारत फेअरमाउंट पार्कात अजून उभी आहे. आता तिथे लहान मुलांचं संग्रहालय आहे. नातवंडांना घेऊन गेले तेव्हा ती खेळण्यांत रमली आणि मी तळमजल्यावर त्या 1876 च्या प्रदर्शनाची छोटी प्रतिकृती बघत उभी राहिले. पुढच्या वर्षी त्याला दीडशे वर्षं होतील. आमच्या मंडळाला त्या निमित्तानं सगळ्यांच्या क्विल्टची मांडणी करायची आहे. आणि त्यात माझ्या नावाखाली तुझं नाव असावं अशी माझी फार इच्छा आहे. कसं, ते पुढे सांगते.

आधी रेशमाचं सांगते, कारण तुझी अडचण तिथेच आहे. त्या काळचे क्विल्ट आज पाहिले की एक गोष्ट जाणवते. सुती मांजरपाट धड, मखमल बऱ्यापैकी, टाके जागच्या जागी, आणि मध्येच एखादा रेशमी तुकडा उभ्या चिरा पडून पार लोंबलेला. टाके हवेत, खालचं कापड गेलेलं. हा दोष शिवणारणीचा नव्हे. कच्च्या रेशमावरचा डिंक धुऊन काढला की त्याचं वजन बरंच घटतं, आणि रेशीम तर वजनावर विकलं जाई. ती घट भरून काढायला कारखान्यात त्याला कथलाचे, लोखंडाचे क्षार पाजत. कापड जड होई, सळसळ छान करी, पण काही दशकांत आतून खाऊन जाई. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात टॅमर हॉर्टन हॅरिस नॉर्थ या बाईंनी 1877 च्या सुमारास केलेला क्रेझी क्विल्ट आहे. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर त्याचा फोटो आहे, नातीला सांग शोधून द्यायला, आणि मोठा करून एकेक तुकडा बघ.

मावशींचं रेशीम घडीवर जातंय ते या कारणानं नसेलही. वर्षानुवर्षं एकाच रेघेवर मोडलेलं कापड तिथे तुटणारच, त्यात जरीचा काठ जड. म्हणजे घडीची रेघ सोडून उरलेलं अंग अजून चांगलं असण्याचा संभव भरपूर आहे. ते तपासायचं कसं? उजेडासमोर धर. मग दोन्ही अंगठ्यांनी आडवं आणि उभं हलकेच ताण. ताणल्यावर धागे सरकले, बारीक फट दिसली, तर तो भाग वगळ. कुरकुर न करता ताण सोसला तर तो घ्यायचा. थोडा नाजूक वाटला तर मागून शिंप्याकडे मिळतं ते इस्त्रीनं चिकटणारं पातळ फ्यूजिंग लाव. इस्त्री मंद, मध्ये सुती फडकं. अगदीच जीर्ण पण टाकवत नाही असा तुकडा असेल तर त्याच्यावर त्याच रंगाची तलम जाळी ताणून बसवता येते. जे लुगडं अजून धड आहे, नेसता येईल असं आहे, त्याला मात्र हात लावू नकोस. ते नेस. लेकीला नेसव.

आता प्रत्यक्ष काम. खाली लावायचा मांजरपाट आधी धुऊन घे, नाहीतर नंतर आकसतो. बारा इंची चौकोन करायचा असेल तर मांजरपाट चौदा इंची काप, कारण भरतकामानं कापड चारी बाजूंनी ओढलं जातं. मध्याच्या जरा बाजूला पाच कोनांचा एक तुकडा सुलट ठेव. हा पहिला तुकडा जीव लावून निवडायचा, कारण सगळी नजर त्याच्यावर जाते. त्याच्या एका कडेवर दुसरा तुकडा पालथा ठेवून पाव इंचावर टीप मार. तो उलटून पसर, इस्त्रीनं बसव, खालून डोकावणारं जादा कापड छाट. मग पुढची कड, मग त्याच्या पुढची, अशी पहिल्या तुकड्याभोवती फिरत जा. प्रत्येक नव्या तुकड्यानं आधीच्या दोघांची कड झाकली पाहिजे. एखाद्या कोपऱ्यात अडकायला झालं तर त्या तुकड्याची कड आत दुमडून वरून हातानं तुरपून टाक. पुढे तिथे भरतकाम येणारच आहे, काही दिसत नाही. लांबच लांब सरळ पट्ट्या पडत असतील तर दोन लहान तुकडे आधी आपसांत जोडून मग एकच म्हणून लाव. मशीन नसलं तरी चालतं. मी निम्मं काम हातानंच करते.

माझ्या हातात सध्या आहे त्या चौकोनाचं मधलं पान गुळेदगुड्डच्या खणाचं आहे, तू बेळगावच्या गणपत गल्लीतून घेऊन पाठवलेल्या त्या मोरपंखी खणाचं. त्याच्या डावीकडे वांगी रंगाची मखमल, वर आईच्या इरकलीचा लाल पदर. त्या पदराच्या पांढऱ्या दातऱ्या मी मुद्दाम तिरक्या पडू दिल्यात. खण आणि मखमल यांच्या जोडावर पिवळ्या धाग्यानं मच्छीटाका घातला, आणि त्याच्या प्रत्येक फुलीवर लाल रंगाची एकेक गाठ. मखमलीवर सुई घालताना लव दबते, म्हणून टाका जरा सैल ठेवावा लागतो. ही एक रेघ घालायला सबंध दुपार गेली, आणि ती दुपार मला सणासारखी वाटली.

टाके तुला शिकवायची गरजच नाही. शाळेत शिवणाच्या बाईंनी करून घेतलेलं तेच सगळं: मच्छीटाका, काजाचा टाका, साखळी, लेझी डेझी, गाठीचा टाका. एक फेदर स्टिच नव्यानं घोटावा लागेल, तो साखळीचाच उघड्या तोंडाचा भाऊ. एकेरी, दुहेरी, तिहेरी घालता येतो आणि वळणावर सुरेख बसतो. आधी जोडावर मुख्य टाका घालायचा, मग त्याच्या टोकांवर दुसरा, मग मणी किंवा टिकली.

पण तुझ्या हातात असं काही आहे जे आमच्या मंडळात कुणाच्याच नाही. कसूती, आपलं ते धागे मोजून करायचं कर्नाटकी भरतकाम! जुन्या क्विल्टवर जपानी पंखे असतात, कोळ्याचं जाळं असतं, पक्षी, फुलं, नाव-गाव-साल भरलेलं असतं. तू त्या जागी तुळशीवृंदावन काढ, रथ काढ, गोपुर काढ. उलट-सुलट सारखे येणारे तुझे गवंती आणि मुर्गी हे कसूतीचे टाके आमच्या आजींना दाखवायची मला घाई झाली आहे. धागे मोजता येतील असा साध्या विणीचा तुकडाच त्यासाठी ठेव, इरकलीच्या अंगाचा असला तर उत्तम. आणि तुकडा जोडण्याआधी कसूती करून घे, जोडल्यावर मागची बाजू हाती लागत नाही.

तर माझा बेत असा. इथे बायका एकमेकींचे चौकोन फिरवतात. एकीनं तुकडे जोडायचे, पुढचीनं एकदोन जोड भरायचे, तिसरीनं आणखी काही, असं करत तो मालकिणीकडे परत येतो. आपण दोघींनी तसंच करायचं. मावशींच्या प्रत्येक लुगड्यातून दोन सारखे तुकडे काप, एक तुझा, एक माझा. मी आईच्या कपड्यांचे तसेच दोन करते. तू जोडलेले चौकोन मी अर्धे भरीन, मी जोडलेले तू अर्धे भर. शेवटी दोन क्विल्ट होतील, एक बेळगावात, एक इथे, आणि दोन्हींत दोघींच्या आया असतील. आपल्या लहानपणी त्या दोघी शहापुरात एकाच विणकराकडून लुगडी घ्यायच्या, आठवतं ना? कोण जाणे, एकाच मागावरची दोन कापडं पुन्हा शेजारी येतील.

हल्याळकडे गेलीस तर आणखी एक काम कर. तिथल्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात, ती जवळून बघून ये. त्या कडेपासून सुरुवात करतात आणि फिरत फिरत आत मध्यावर येतात, चारी कोपऱ्यांवर तिकोनी घड्यांची फुलं बसवतात. आमच्या मंडळात मला त्याबद्दल सांगायचं आहे आणि फोटोपेक्षा तू स्वतः पाहून लिहिलेलं मला जास्त उपयोगी पडेल. जमल्यास एखादी विकत घे, पण घासाघीस करू नकोस. ते काम किती दिवसांचं असतं ते आपल्याला माहीत आहे.

तुझा भाचा जानेवारीत इकडे येणार म्हणालीस. त्याच्याबरोबर तुकडे पाठव. घडी घालू नकोस, कागदाच्या नळीवर गुंडाळ, मध्ये पातळ सुती कापड घाल. प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी टाचून ठेव: कुणाचं लुगडं, कुठल्या प्रसंगाचं. तो परतेल तेव्हा मी त्याच्याकडे पर्ल कॉटन या भरतकामाच्या आठ नंबरच्या धाग्याच्या लडी आणि मोठ्या नेढ्याच्या सुया देईन.

भाऊजींना नमस्कार. नातीला अनेक आशीर्वाद. तिला कात्री धरता येत असेल तर सोबतीला बसव.

तुझी,
विजू

ता. क. सगळ्यात आधी ते जांभळं लुगडं काढ, ज्याचा पदर आधीच गेला आहे. त्याच्यापासून सुरुवात केलीस की पुढची सोपी जातील. कापलंस की लगेच मला फोन कर, इथे रात्र असली तरी.