पीपीओवर नाव कुठलं, माहेरचं की सासरचं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

26 जुलैच्या कारगिल विजय दिवसाच्या कार्यक्रमाची बातमी तुमच्या पेपरात फोटोसकट आली. आमच्या तालुक्यातल्या माजी सैनिक संघटनेचा कार्यक्रम, मी स्वतः तिथं होते. बातमीत प्रमुख पाहुणे आले, अध्यक्ष आले, सूत्रसंचालन कुणी केलं नि आभार कुणी मानले तेही आलं, आणि रिवाजाप्रमाणं शेवटी "आदी मान्यवर उपस्थित होते" आलं. ज्यांच्यासाठी मांडव घातला होता त्या अकरा बायका मात्र "वीरपत्नी व सैनिक विधवांचा सत्कार करण्यात आला" एवढ्या एका ओळीत आटोपल्या. आदीमधे पण त्यांचा नंबर लागला नाही. तक्रार म्हणून लिहीत नाहीये, म्हणजे थोडी आहे, पण खरं सांगायचंय ते वेगळंच.

सातारा जिल्ह्याला सैनिकांचं कौतुक नवीन नाही. अपशिंगे गावाला लोक अपशिंगे मिलिटरीच म्हणतात, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातली 46 माणसं कामी आली. देशातली पहिली सैनिक शाळा 1961 ला साताऱ्यात निघाली. आमच्याकडं पलटणीतून पेन्शनीवर आलेला कुणीही असो, शिपाई असो की सुभेदार, गावात तो मेजरच. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, पण मेजरच होते, मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून आलेले, पण यष्टीचा कंडक्टर सुद्धा "मेजर, पुढं सरका" म्हणायचा.

अण्णा गेले ते लढाईत नाही, घरीच, हार्टनं. स्मशानात संघटनेची आठ-नऊ माणसं आली, डोक्यावर टोप्या, छातीवर मेडल, ओळीत उभं राहून सॅल्यूट केला, तेव्हा आई पहिल्यांदा मोठ्यानं रडली असं मला बायकांनी नंतर सांगितलं. पण मला जे लक्षात राहिलंय ते दहाव्याचं. सगळे आईजवळ बसून तेच तेच बोलत होते, देवाची मर्जी, मुलाबाळांकडं बघा वगैरे, आणि संघटनेतले एक रिटायर्ड सुभेदार, त्यांना सगळे तात्या म्हणतात, ते जेवण झाल्यावर हात धुवून आले नि सरळ विचारलं, "वहिनी, मेजरांची पेटी कुठंय? पीपीओ बघायचाय." पीपीओ म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डर, पेन्शन मंजूर झाल्याचा सरकारी कागद. मला इतका राग आला होता त्यांचा. दहावा काय, पेटी काय, जरा तरी काळवेळ बघावी माणसानं.

पेटी म्हणजे ती काळी पत्र्याची ट्रंक, वर पांढऱ्या रंगानं नंबर, रँक आणि नाव घातलेलं, प्रत्येक फौजीच्या घरात असते ती. आत डिस्चार्ज बुक, पीपीओ, कॅन्टीनचं जुनं कार्ड, सगळं युरियाच्या पिशवीत गुंडाळून सुतळीनं बांधलेलं. चाळीस वर्षांत आईनं ती ट्रंक पुसली असेल, उघडली कधी नव्हती, ते अण्णांचं खातं. तात्यांनी चष्मा लावला, कागद खिडकीकडं धरला, आणि म्हणाले, हे नाव कुणाचंय?

ते आईचं माहेरचं नाव होतं. आमच्याकडं लग्नात बोहल्यावरच तांदळात अंगठीनं नवीन नाव लिहितात आणि पोरगी दुसऱ्या नावानं घरात येते, तशी आई आली. अण्णांनी युनिटमधे बायकोचं नाव कळवलं ते शाळेचा दाखला बघून माहेरचं कळवलं. पुढं रेशनकार्ड, मतदान, आधार, बँक सगळीकडं सासरचं लागलं. म्हणजे सरकारच्या हिशेबानं हवालदाराची बायको वेगळी आणि आमच्या घरात भाकरी करणारी बाई वेगळी. वर पीपीओवर तिची जन्मतारीखच नव्हती.

फॅमिली पेन्शन सुरू व्हायला चौदा महिने लागले. आता संरक्षण खात्याची पेन्शन स्पर्श नावाच्या पोर्टलवरून येते, कागद ऑनलाइन चढवायचे, तिथं नाव जुळलं नाही की अर्ज मागं. अॅफिडेव्हिट करा, ते झालं की दोन्ही नावाची व्यक्ती एकच असल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला, मग रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, तिथून पुढं पेन्शनचं काम प्रयागराजला. मधे एका ऑफिसात (नाव लिहीत नाही, तिथं परत जायचंय) तिसऱ्यांदा गेल्यावर समोरचा माणूस आईला म्हणाला, तुम्ही त्यांच्या मिसेसच कशावरून? आई काही बोलली नाही, गळ्यात मंगळसूत्र पण नव्हतं दाखवायला. तात्या शेजारी उभे होते, ते तिथं जे बोलले ते पेपरात छापता येणार नाही.

आता ही संघटना म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. बाजारपेठेत एक गाळा आहे, एक टेबल, पाच-सहा प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर शिवाजी महाराज आणि शेजारी कुणाच्या तरी बटालियनचा ग्रुप फोटो. आठवडे बाजाराच्या दिवशी ते उघडं असतं, कारण बायका त्या दिवशी बाजाराला येतातच, यष्टीचं अर्धं तिकीट, पिशवीत मेथी नि कोथिंबिरीच्या वर प्लास्टिकमधे पीपीओ. तात्या आणि लष्कराच्या सिग्नल विभागातून नाईक म्हणून आलेले एकजण आहेत, ते लॅपटॉप चालवतात, दोघंच सगळं ओढतात. बाकी मेंबर पुष्कळ आहेत, ते कॅन्टीनच्या गप्पा मारायला येतात, ते पण लागतातच म्हणा. नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्यासाठी रांग. शेतात खुरपून खुरपून बायकांच्या बोटांचे ठसे झिजलेत, मशीनवर उमटत नाहीत, मग नाईकसाहेब मोबाईल तोंडासमोर धरून "मावशी, डोळे मिचकावा" म्हणतात आणि मावशी लाजून तोंडाला पदर लावतात, परत पहिल्यापासून.

तिथं बसून मला कळलं की मरणाला पण रँक असते. लढाईत गेला तर बायकोला शेवटच्या पगाराएवढी पूर्ण पेन्शन, नोकरीमुळं झालेल्या कारणानं गेला तर 60 टक्के, आणि आमच्या अण्णांसारखा घरी येऊन गेला तर साधी, म्हणजे 30 टक्के. नियम आहे, त्याबद्दल माझं म्हणणं नाही, ज्यानं जीव दिला त्याच्या घराला जास्त मिळायलाच पाहिजे. आपल्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक 2015 ला काश्मीरमधे कुपवाड्यात अतिरेक्यांशी लढताना गेले आणि 2017 ला त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक स्वतः लेफ्टनंट झाल्या, ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो. पण तिसऱ्या नंबरच्या बायकाच सगळ्यात जास्त आहेत, त्यांच्याकडं कुणी फिरकत नाही, कारण त्यांचा फोटो होत नाही. संघटनेनं यंदा पहिल्यांदा त्यांना पण स्टेजवर बोलावलं, त्यावरून मीटिंगमधे वाद झाला म्हणे, दोघं-तिघं म्हणत होते वीरपत्नींच्या ओळीत ह्यांना कसं बसवायचं. शेवटी वीरपत्नींमधल्याच एकजणीनं सांगितलं, माझ्याकडं सतरा शाली झाल्यात, ह्यावेळी माझी त्यांना द्या.

संक्रांतीला पण असंच. संघटनेतल्या घरच्या बायका हळदीकुंकू करतात, त्याला विधवांना बोलवायचं का ह्यावर दोन वर्षं नुसतं "बघू" चाललं होतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं 2022 ला विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, त्याचं कात्रण तात्यांनी गाळ्याच्या भिंतीला चिकटवलं आणि त्यावर्षीपासून सगळ्यांना आमंत्रण जातं. आई पहिल्या वर्षी गेली नाही. दुसऱ्या वर्षी गेली, वाण घेतलं, कुंकू नाही लावून घेतलं. तिची मर्जी.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. दरवर्षी 7 डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो, 1949 पासून चालत आलेला, लाल, गडद निळा आणि आकाशी पट्ट्याचे स्टिकर शाळेत येतात, पोरं दहा-दहा रुपये आणतात. एका चौथीतल्या पोरानं विचारलं, बाई हे पैसे जातात कुठं? मला सांगता आलं नाही, तात्यांना विचारून दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्याच निधीतून 65 च्या पुढच्या, पेन्शन नसलेल्या हवालदारापर्यंतच्या माजी सैनिकांना नि त्यांच्या विधवांना महिना मदत मिळते, ती 4000 ची 8000 झाली, 1 नोव्हेंबर 2025 पासूनच्या अर्जांना. पंधरा वर्षं पुरी न करता परत आलेल्या जवानाला साधी पेन्शन बसत नाही, अशी म्हातारी माणसं आपल्या गावागावात आहेत आणि त्यांच्या घरी हे माहीतच नसतं. राज्य सरकारची घरपट्टी माफीची योजना पण आहे माजी सैनिक आणि सैनिक विधवांना, 2020 पासून, तरी आमच्या शेजारच्या आजी परवापर्यंत भरत होत्या.

तर संपादकसाहेब, विनंती अशी. पुढच्या कार्यक्रमाची बातमी देताना पाहुण्यांची चार नावं कमी करा आणि त्या जागेत एवढंच छापा की ज्यांच्या घरात म्हातारे मेजर आहेत त्यांनी ते हयात असतानाच ट्रंक उघडून बघावी, पीपीओवर बायकोचं नाव आधारसारखंच आहे का, तिची जन्मतारीख आहे का, बँकेचं खातं दोघांचं आहे का. मेजर चिडतील, माझ्या मरणाची वाट बघता काय म्हणतील, आमचे अण्णा नक्की म्हणाले असते. म्हणू द्या. त्यांच्या सहीनं जे काम एका अर्जात होतं त्याला माझ्या आईला चौदा महिने आणि सव्वीस चकरा लागल्या, यष्टीची तिकिटं मी ठेवलीत.

आणि 26 जुलैच्या फोटोत उजव्या कोपऱ्यात, पाहुण्यांच्या फेट्यामागं अर्धी दिसणारी बाई म्हणजे माझी आई. त्या अकराजणींची नावं छापायची असतील तर गाळ्यातल्या रजिस्टरमधे आहेत. माहेरचं आणि सासरचं, दोन्ही लिहून ठेवलीत तात्यांनी.

आपली नम्र,
एका हवालदाराची मुलगी
जि. सातारा