ऐहोळेला जाऊनही मेगुती राहिलं

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

रविवारच्या अंकात सहलींच्या जाहिराती दिसल्या की दोन वर्षांपूर्वीची आमची ट्रिप आठवते आणि अजून वाईट वाटतं, म्हणून लिहितेय. पुण्यातल्याच एका टूरवाल्यांबरोबर गेलो होतो, कर्नाटकातली बदामी, पट्टदकल, ऐहोळे तिन्ही एकाच दिवसात. ऐहोळेला मिळाली 40 मिनिटं, त्यातली निम्मी चहात आणि वॉशरूमच्या लाइनीत गेली, दुर्ग मंदिरासमोर ग्रुप फोटो झाला, टेकडीवर काय आहे विचारलं तर म्हणे एक पडकं जैन मंदिर आहे, चढ आहे, सीनियर लोकांना नको, चला बसा गाडीत.

ते पडकं मंदिर म्हणजे मेगुती! घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं. त्याच्या भिंतीवर रविकीर्ती या कवीचा इ.स. 634 चा शिलालेख आहे. चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीनं हर्षवर्धनाला हरवलं ते त्यात आहे आणि 99 हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा तो स्वामी झाला हेही आहे. पुढं रविकीर्तीनं स्वतःला कालिदास आणि भारवी या संस्कृत कवींच्या पंक्तीत बसवलंय, त्यामुळं हे दोघं 634 च्या आधीचे एवढं तर पक्कं ठरतं. चौदाशे वर्षांपूर्वी दगडात कोरलेलं आपल्या महाराष्ट्राचं नाव, आणि पुण्याहून एवढ्या लांब जाऊन आम्ही ते खालूनच बघून आलो.

मग या जानेवारीत मी (वय 61) आणि माझ्या जाऊबाई दोघीच गेलो. पुण्याहून सोलापूर, तिथून विजापूर-बागलकोटवरून बदामीला जाणारी गाडी, स्टेशन गावापासून पाचेक किलोमीटर, पुढं रिक्षा. चार रात्री एकाच लॉजवर राहिलो. भाषेचं काय करता असं सगळे विचारतात, पण अहो स्टँडवर पाट्या कानडीत असल्या तरी कंडक्टरला नुसतं "ऐहोळे?" म्हटलं की तो बोट दाखवून बस सांगतो, आणि हिंदी बऱ्याच जणांना कळतं.

मेगुतीच्या पायऱ्या बसत बसत चढलो, घाई करणारं कुणी नव्हतं. अक्षरं जुन्या कानडी लिपीतली, भाषा संस्कृत, आम्हाला एक अक्षर लागलं नाही, पण ओळी अशा की पाटीवर रेघा आखून लिहिल्यात. जाऊबाई निवृत्त शिक्षिका आहेत, त्या कितीतरी वेळ काही न बोलता नुसत्या बघत उभ्या होत्या. खाली आल्यावर दुर्ग मंदिराला चक्कर मारली, ते दुर्गादेवीचं नाही, शेजारच्या दुर्गावरून म्हणजे तटबंदीवरून पडलेलं नाव आहे, हेसुद्धा पहिल्या खेपेला कुणी सांगितलं नव्हतं.

अडचण एकच झाली, परतीच्या बसची वेळ आधी कळली नाही आणि उन्हात फाट्यावर दोन तास काढावे लागले.

म्हणून विनंती, पुरवणीत सहलीच्या पानावर एक छोटी चौकट द्या, पुण्याहून गाडी कुठली, पुढची बस कुठून सुटते, शेवटची परतीची बस किती वाजता. आणि टूरवाल्यांनी जाहिरातीत ठिकाणांची नुसती यादी न देता प्रत्येक ठिकाणी किती वेळ थांबणार, काय वगळणार, तेही छापावं. निदान आपण नेमके कशाचे पैसे भरतोय हे माणसाला कळेल.

आपली,
एक वाचक, धायरी, पुणे